पोटाचं ऑपरेशन झालं, आता ताटाचं काय?

२०२५ च्या मार्चमध्ये मौन्जारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात विक्रीला आली. तेव्हापासून सांगली-मिरजेत चार माणसं जमली की वजनाचा विषय निघतोच. इंजेक्शनावरून गाडी ऑपरेशनवर येते आणि मग कुणीतरी हमखास सांगतं, "आमच्या शेजारच्या काकूंनी तर पोटाचंच ऑपरेशन केलं. तीस किलो उतरल्या. आता बघा, परत भरायला लागल्यात." दुसरा मान हलवतो, "म्हणजे पैसे पाण्यात की!"

हे 'पैसे पाण्यात' प्रकरण जरा नीट समजून घ्यायला हवं. कारण ऑपरेशन केलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास वजनापेक्षा या वाक्याचा होतो, आणि लाजेपायी तो डॉक्टरकडे जायचंच बंद करतो. खरं नुकसान तिथून सुरू होतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं होतं काय?

वजन आणि त्यासोबतचे मधुमेहासारखे आजार आटोक्यात आणण्यासाठी जठरावर, काही वेळा आतड्यावरही, जी शस्त्रक्रिया करतात तिला बॅरियाट्रिक सर्जरी म्हणतात. आपल्याकडे तिचे दोन प्रकार जास्त ऐकू येतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी करतात आणि ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. अन्न मधला टप्पा गाळूनच पुढे जातं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोट लहान केलं, म्हणून खाणं कमी झालं, म्हणून वजन उतरलं. तेवढंच नसतं. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं, भूक लावणारं संप्रेरक तयार होतं. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. शिवाय अन्न लवकर खालच्या आतड्यात पोचतं आणि तिथून 'पुरे झालं' असा निरोप मेंदूला देणारी संप्रेरकं वाढतात. त्यातल्या एकाचं नाव जीएलपी-१. नव्या इंजेक्शनांचं काम याच संप्रेरकाची नक्कल करण्यावर चालतं. म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत माणूस सांगतो, "ताट समोर आलं तरी इच्छाच होत नाही." ती त्याची इच्छाशक्ती नसते, शरीरातला बदललेला निरोप असतो.

मग वजन परत वाढतंच कसं?

शरीराला वजन कमी झालेलं आवडत नाही. ११५ किलोचा माणूस ८० किलोवर आला की त्याला बसल्याजागी लागणारी ऊर्जाही कमी होते. काही काळानं भूक थोडी परत येते. घास थोडा मोठा होतो. साधारण दीड-दोन वर्षांनी उतरणारा काटा थांबतो आणि पुढे थोडासा वर सरकतो. हे जवळपास सगळ्यांचं होतं.

स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन केलेल्यांचं वजन पुढे वीस वर्षं तपासलं गेलं. दोन वर्षांनी ते सरासरी २३ टक्के कमी झालेलं होतं, दहा वर्षांनी १७ टक्के आणि वीस वर्षांनी १८ टक्के. आपल्या हिशोबात मांडायचं तर १२० किलोचा माणूस दोन वर्षांत साधारण २७-२८ किलो उतरला, त्यातले सात-आठ किलो पुढे परत आले, पण वीस किलो वीस वर्षांनंतरही कमीच राहिले. तेही त्यातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया आता मागे पडलेल्या जुन्या पद्धतीची असताना. ऑपरेशन न केलेल्यांचं वजन या सगळ्या काळात जवळजवळ जागचं हललं नाही. शेजारच्या काकू तीस उतरून पाच-सहा किलो परत भरल्या असतील तर त्या अगदी सरासरीतल्या आहेत. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागायतदाराला हे पटकन कळेल. छाटणी केली म्हणजे पीक हातात आलं असं कुठला शेतकरी म्हणतो? छाटणीनंतर वेल जोमानं फुटणारच, तो तिचा धर्म आहे. नको त्या फुटी वेळेवर काढायच्या, शेंडा मारायचा, पाणी मोजून द्यायचं, ही सगळी कामं छाटणीनंतरची. ऑपरेशननंतरचं पहिलं दीड वर्ष हा तसाच काळ आहे. भूक दबलेली असते, वजन आपोआप उतरत असतं आणि नेमकी त्याच वेळी नवी सवय लावणं सगळ्यात सोपं असतं. भूक परत आल्यावर लावू म्हणणाऱ्याला ते फार जड जातं.

लहान पोटाची चोरवाट

लहान केलेलं जठर घट्ट अन्नाला अडवतं. मटकीची उसळ, अंडं, पनीर, चिकन असं काही खाल्लं की अर्ध्या वाटीत छाती भरून आल्यासारखं वाटतं. काहींना उचकी लागते, काहींचं नाक गळायला लागतं. ती थांबायची खूण. पण पातळ पदार्थ त्या नळीतून सरळ खाली उतरतात आणि तोंडात विरघळणारे कुरकुरीत पदार्थही फारसे अडत नाहीत. पोटाला आपण काही खाल्लंय याचा पत्ताच लागत नाही.

आता आपल्याकडचा दिवस आठवा. सकाळी उठल्यावर चहा, दुकान उघडल्यावर चहा, पाहुणा आला की चहा, चारला चहा. दोन चमचे साखरेचे पाच कप म्हणजे नुसत्या साखरेच्या दोनशेच्या आसपास कॅलरी, दुधाच्या वेगळ्या. मधे कागदाच्या पुड्यातलं भडंग. सांगलीच्या माणसाला भडंग सोड म्हणणं म्हणजे कृष्णेला उलटं वाहा म्हणण्यासारखं आहे, मला कल्पना आहे. पण चुरमुरे हलके असले तरी त्यातलं तेल आणि शेंगदाणे हलके नाहीत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून जास्त कॅलरी असतात. कुणी एकदम शंभर ग्रॅम खात नाही, हे खरं. पण काउंटरवर बसून येता-जाता चिमूट-चिमूट टाकणारा संध्याकाळपर्यंत किती खातो हे त्यालाही सांगता येत नाही. जेवताना मात्र तो खरंच दोन घास खातो. म्हणून तो मनापासून सांगतो, "डॉक्टर, मी काहीच खात नाही हो." तो खोटं बोलत नसतो. पोटानं मोजलेलंच त्याला आठवतं.

वजन परत वाढलेल्यांच्या खाण्याची नोंद पाहिली की हे सतत चरणं बहुतेक वेळा सापडतं. त्यावर उपाय साधा आहे: खाण्याच्या वेळा ठरवायच्या, तीन मुख्य आणि फार तर दोन लहान. मधल्या वेळात तोंड बंद. बेदाणे पौष्टिक असतात वगैरे ठीक, पण तेही वाटीत काढून आणि वेळेवर. डबा जवळ ठेवून खायचे नाहीत.

पाण्याचा नियमही यातूनच येतो. जेवताना पाणी प्यायलं की ते घट्ट अन्नाला पुढे ढकलतं आणि पोट लवकर रिकामं होतं. म्हणून जेवणानंतर साधारण अर्धा तास पाणी टाळायचं, आधीही थोडं अंतर ठेवायचं, आणि दिवसभरात घोट-घोट करत दीड लिटरच्या वर जायचं. घासागणिक ताक पिणाऱ्यांची यात फार कुचंबणा होते. ताक सोडू नका, वेळ बदला.

बायपास झालेल्यांनी गुऱ्हाळावर जाताना वेगळी काळजी घ्यायची. उसाचा रस, काकवी, जिलेबी अशी साखर एकदम आतड्यात पोचली की दहा-तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब असं होऊ शकतं. याला डंपिंग म्हणतात. काहींना एक ते तीन तासांनी रक्तातली साखर उतरून हातपाय थरथरतात. तेव्हा लोक पुन्हा साखर खातात आणि तेच चक्र फिरतं. गोडाच्या आधी प्रथिनं पोटात असली तर त्रास कमी होतो. गोड टाळलं तर आणखी कमी.

"एवढंसं खाऊन माणूस जगणार कसं?"

आईचा, सासूचा, आजीचा हा प्रश्न रास्त आहे. जगण्यापुरती ऊर्जा शरीर साठवलेल्या चरबीतून काढतं, पण प्रथिनं साठवलेली नसतात. ती ताटातून मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडतं. मग वजन उतरतं, पण जिना चढताना धाप लागते आणि शरीराची ऊर्जेची गरजही आणखी घटते. म्हणजे वजन परत वाढायला रान मोकळं.

दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात, काहींना जास्त. आपल्या साध्या जेवणात ती सहज भरत नाहीत. एका ज्वारीच्या भाकरीत पाच ग्रॅमच्या आसपास, पातळ आमटीच्या वाटीत तीन-चार. भाकरी-आमटी-भात हे पोटभर जेवण झालं, पण लहान पोटात ते मावतच नाही. त्यामुळे घासांचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी उसळ, अंडं, मासा किंवा पनीर, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर.

शाकाहारी पण अंडं चालणाऱ्या घरातला एक हिशोब करून बघू. दोन उकडलेली अंडी १२, पन्नास ग्रॅम पनीर ९, कोरडे मोजून तीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या १५, दिवसभरात दोन कप दूध-दही १३, एक वाटी मटकी किंवा अख्खा मसूर ७-८. झाले ५६-५७. आमटीची वाटी आली की साठ. अंडं नसेल तर पनीर-सोया वाढवावं लागतं, किंवा डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर. इस्लामपूर-कऱ्हाडकडचा अख्खा मसूर या कामाला उत्तम, फक्त हॉटेलातला नको. त्यावरचा तेलाचा तवंग घरी आणता येत नाही असं नाही, पण आणू नये.

हे सगळं ऑपरेशननंतर लगेच नाही. आधी पातळ, मग गाळलेलं, मग मऊ आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी रोजचं जेवण, असे टप्पे असतात आणि ते तुमच्याच डॉक्टरांनी दिलेल्या कागदाप्रमाणे पाळायचे. रोजच्या जेवणावर आल्यावरही एका जेवणाला वीस-तीस मिनिटं लागली पाहिजेत. नीट न चावलेला पोळीचा किंवा पावाचा घास गोळा होऊन अडकतो आणि मग बेसिनकडे धावावं लागतं.

उपवासाबद्दल दोन शब्द. साबुदाण्याची खिचडी म्हणजे स्टार्च, तेल आणि तूप, प्रथिनं नावाला. शेंगदाण्याचं कूट तेवढंच काय ते. उपवास सोडवत नसेल तर दही, दूध, पनीर, राजगिरा यांवर निभवा. निर्जळी नको.

पंगतीत काय करायचं?

खरं अवघड दुखणं इथे आहे. ओळखीतल्या एक वहिनी लग्नात जेवायला बसल्या होत्या. पानात मसालेभाताची मूद, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, एका कडेला दोन पुऱ्या. त्यांनी कोशिंबीर आणि वाटीतली उसळ संपवली आणि चमचा ठेवला. जिलेबीचं ताट घेऊन आलेल्या मावशी थबकल्या. "का गं, आजारी हाय का?" "नाही मावशी, झालं माझं." "एवढ्यानं काय हुतंय? घे की एक. पोरीच्या लग्नात पान टाकून उठतीस व्हय?" शेजारच्या बाईनं हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तिचं पोटाचं ऑपरेशन झालंय." मग अर्धी रांग वळून बघायला लागली. वहिनींनी जिलेबी घेतली.

अशा वेळी काय बोलायचं ते घरून ठरवून जावं. "साखर आहे मला" हे उत्तर आपल्याकडे चालतं, त्यावर कुणी वाद घालत नाही. पान वाढायच्या आधीच 'थोडंच वाढा' म्हणावं, कारण वाढलेलं टाकायची लाज वाटते आणि त्या लाजेत माणूस जास्त खातो. पण माझं विचाराल तर हे काम एकट्या पेशंटचं नाही. नवऱ्यानं, दिरानं, सासूनं मधे पडून "राहू द्या, तिला चालत नाही" एवढं म्हणायला काय हरकत आहे? घरातही तेच. एकीला उसळ आणि बाकीच्यांना रोज भजी, असं स्वयंपाकघर वर्षभर टिकत नाही. त्यातून रांधणारी तीच असेल तर चव बघता-बघता तिचं जेवण होतं.

गोळ्या आयुष्यभर? मग ऑपरेशनचा उपयोग काय?

हा आक्षेप मी खूपदा ऐकला आहे आणि त्यामागचा वैताग कळतो. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या बऱ्याच जणांच्या सुटतात किंवा कमी होतात. त्या जागी जीवनसत्त्वांच्या येतात. जठर लहान झाल्यानं किंवा आतड्याचा टप्पा गाळल्यानं लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व पुरेसं शोषलं जात नाही. कमतरता लगेच दिसत नाही. शरीरातला बी-१२ चा साठा काही वर्षंसुद्धा पुरतो, मग एक दिवस पायाला मुंग्या येतात आणि तोवर माणूस गोळ्या विसरूनही गेलेला असतो.

लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, दोहोंत किमान दोन तास ठेवायचे. लोहाची गोळी चहाबरोबर तर मुळीच नको. कॅल्शियमचा सायट्रेट प्रकार सहसा सुचवतात, कारण कार्बोनेट पचायला आम्ल लागतं आणि ते आता कमी असतं.

तपासण्यांचं घोडं मात्र अंतराशी अडतं. मिरजेला १८९४ साली डॉ. वानलेस यांनी रुग्णालय काढलं तेव्हापासून लांबलांबची माणसं इथं उपचाराला येतात. पण वजनाच्या ऑपरेशनसाठी आपल्या भागातले कितीतरी जण पुण्या-मुंबईला जातात. पहिल्या वर्षी तीन-चार फेऱ्या होतात. मग ऊसतोड, शाळेच्या परीक्षा, कुणाचं तरी लग्न, आणि फेरी राहते ती राहतेच. रक्ताच्या तपासण्या सांगली-मिरजेत करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवले तरी चालतात का, हे सर्जनला सुरुवातीलाच विचारून घ्या. वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि साखर तपासलीच पाहिजे. साखर यासाठी की मधुमेह 'गेला' तरी परत येऊ शकतो. त्याच स्वीडिश अभ्यासात दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही त्यातून बाहेर आलेले होते, दहा वर्षांनी ३६ टक्के.

गावातल्या डॉक्टरांना आपलं ऑपरेशन माहीत असलंच पाहिजे. दोन कारणं फार महत्त्वाची. गुडघा दुखतो म्हणून दिलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासनंतर, जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. तंबाखू-सिगारेटचंही तेच. दुसरं, काही दिवस सतत उलट्या होत असतील तर शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं, तोल जातो, एकाचे दोन दिसायला लागतात. अशा वेळी बी-१ न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावणं धोक्याचं असतं. पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: ऑपरेशनचा प्रकार, तारीख, सर्जनचा फोन.

चालणं पुरेसं आहे का?

सुरुवातीला हो. आमराईत, घाटावर, हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत, जिथे जमेल तिथे. आठवड्याला किमान दीडशे मिनिटं धरा. पण नुसत्या चालण्यानं स्नायू टिकत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर हात टेकून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणं, असं काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा हवं. शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असं लोक विचारतात. राबणं रोज असेल तर ठीक. ट्रॅक्टरवर बसणं राबण्यात धरू नका.

केस, कातडी, दिवस जाणं, दारू

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. बहुतेकांचे परत येतात, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर. कातडी लोंबते आणि व्यायामानं ती पूर्ण आवळत नाही. वजन उतरलं की पाळी नियमित होऊन दिवस जाण्याची शक्यता वाढते, पण पहिले बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळायचं असतं. बायपासनंतर तोंडानं घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नये, डॉक्टरांना दुसरा उपाय विचारावा. दारू आता पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि खाण्यातला आधार सुटलेली काही माणसं दुसऱ्या वर्षानंतर तिच्यात आधार शोधायला लागतात. घरच्यांनी याकडे डोळेझाक करू नये.

काटा परत वर सरकला तर?

आठवड्यातून एकदा, त्याच दिवशी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. रोज करू नका, पाण्यानं किलोभर इकडेतिकडे होतं. लागोपाठ तीन-चार आठवडे आकडा चढत असेल तर दहा किलो व्हायची वाट न बघता आहारतज्ज्ञाला गाठा. आठ दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहून न्या, चहासकट. थायरॉईडचा आजार, स्टेरॉईड, काही मानसोपचाराची औषधं यांनीही वजन वाढतं, त्यामुळे सगळा दोष जिभेवर टाकायची घाई नको.

आणि ते इंजेक्शन? ऑपरेशननंतर परत वाढलेल्या वजनासाठीही डॉक्टर ते आता वापरतात. पण सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाच्या, एका अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणजे तेही सुरू केलं की चालू ठेवायच्या तयारीनं. भूक आणखी कमी झाल्यावर ६० ग्रॅमचा हिशोब जमवणं आणखी अवघड होतं, उलट्या होण्याची शक्यता वाढते, आणि उलट्यांचं काय होतं ते वर आलंच आहे. मेडिकलवाल्याला विचारून सुरू करायची ही गोष्ट नाही. वजनाची वही आणि मागचे रिपोर्ट घेऊन आधी सर्जनकडे जा, दोन-तीन वर्षं गेला नसाल तरी.